पैसे न घेणाऱ्याची तक्रार

खोक्यात टोमॅटो भरताना कच्चे तळाला, अर्धेकच्चे मधे आणि पिकलेले वर, हा थोरलीचा नियम. सुनेनं घाईत उलटं भरलं की थोरली खोकं पुन्हा मोकळं करायला लावायची.

"टोमॅटो आहेत ते. तुझ्या माहेरची माणसं नव्हेत, एकमेकांच्या डोक्यावर बसवायला."

"उजाडलं, आई. लिलाव चुकेल."

"चुकला तर तुझ्या हातानं चुकेल. माझा हात अजून चालतो."

सून खोकं पुन्हा भरायला घ्यायची. गावात थोरलीशी बोलून कुणी जिंकलेलं नव्हतं. दोनच इयत्ता शिकलेली, पण स्वतःची सही स्वतः करायची. कुणी अंगठ्याची शाई पुढं केली, तर ती डबी त्याच्याकडंच परत सरकवायची.

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. मागं राहिलं ते एवढंच: विहिरीखालचा टोमॅटोचा तुकडा, तीन चाकांचा टेम्पो आणि टेम्पो चालवायचं त्याचं लायसनचं पुस्तक. टेम्पो चालवायचा मुलगा. पण मुलाला लायसन मिळणार नव्हतं. लहानपणी लाकूड फोडताना ढलपी उडाली आणि डावा डोळा गेला. कचेरीनं दोनदा परत पाठवलं. तेव्हा थोरली म्हणाली होती, "बापाचं पुस्तक आहे की घरात. बाप काय परका होता?"

आणि अकरा वर्षं बापाच्या पुस्तकावर मुलानं गाडी चालवली. त्यात अवघड काही नव्हतं. बाजाराच्या वाटेवर फाटा लागायचा, फाट्यावर एक जुना हवालदार असायचा. सगळे त्याला मामा म्हणायचे. मामा हात पुढं करायचा. मुलगा पुस्तक द्यायचा. पुस्तकाच्या पुठ्ठ्याखाली चौघडी केलेली नोट असायची. मामा पुठ्ठ्याखाली अंगठा सारायचा, नोट मुठीत जायची, पुस्तक परत यायचं. तेवढ्यात मामा थोरलीच्या गुडघ्याची चौकशीही करायचा. पुस्तकाचं दुसरं पान, जिथं फोटो होता, ते मामानं अकरा वर्षांत एकदाही उघडलं नाही. दूधवाल्याला दिवा नव्हता, वीटवाल्याच्या गाडीला ब्रेक असून नसल्यासारखा, टपावर माणसं बसवणाऱ्या जीपवाल्याचं तर विचारूच नका. सगळे मामाच्या अंगठ्याखालून जायचे. दिवस तसेच होते, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग मामाची बदली झाली.

नवा आला तो उंच, सडपातळ, इस्त्रीचा. चार दिवसांत त्याचं नाव फूटपट्टी पडलं. त्यानं पुस्तक हातात घेतलं, पुठ्ठा उघडला, नोट काढली, तिच्या घड्या उलगडून सरळ केली आणि मुलाच्या मांडीवर ठेवली.

"ही पडली असती तुमची." मग त्यानं दुसरं पान उघडलं. "हा कोण?"

"मीच," मुलगा म्हणाला.

फोटोत पांढऱ्या मिशा होत्या. फूटपट्टीनं फोटो पाहिला, मुलगा पाहिला.

"मिशा कुठं गेल्या?"

"काढल्या," शेजारी बसलेली थोरली म्हणाली. "मिशा काढायला पण परवाना लागतो का आता?"

तो हसला नाही. गाडीभोवती फिरला. डाव्या बाजूला थांबला. पत्र्याचे पोचे एकेक करून बोटानं चाचपत पुढं गेला, उजवीकडं आला, तिथं पत्रा कोरा. परत डावीकडं गेला. मग खिडकीशी येऊन त्यानं ते पुस्तक मुलाच्या उजव्या डोळ्यापुढं धरलं.

"समोर ती जीप उभी आहे. नंबर वाचा."

मुलगा पुस्तकाच्या कडेनं बघायला मान वळवायला लागला. मागं खोक्यांत टोमॅटो तापत होते.

"आजी," फूटपट्टी म्हणाला, "डावीकडून एखादी शाळेची पोर सायकलवर आली तर तुमच्या मुलाला दिसणार नाही. मी आज दंड करत नाही. पण ह्यानं पुन्हा गाडी चालवायची नाही. ड्रायव्हर ठेवा."

"अकरा वर्षांत कोंबडीसुद्धा मेली नाही ह्याच्या गाडीखाली."

"पोचे मग कशाचे?"

थोरलीला उत्तर सुचलं नाही. आयुष्यात अशा वेळा तिच्यावर फार आल्या नव्हत्या, आणि ज्यांनी आणल्या त्यांना तिनं कधी माफ केलं नव्हतं.

ड्रायव्हर ठेवला. तो येईल तेव्हा यायचा. आधी चहा, मग विडी, मग गाडी. पोचेपर्यंत लिलाव उठलेला. उरलेला माल मिळेल त्या भावात. त्याची मजुरी दिली की घरात मिठापुरतं राहायचं. दोन वेळा तर माल रस्त्याकडेला ओतला, गुरांनी खाल्ला. मुलगा दिवसभर पायरीवर बसून राहायचा. एकदा सून म्हणाली, "खरं तर आई, मलाही शेजारी बसायला भीती वाटायची. मागच्या वर्षी ती म्हातारी..."

"कुठली म्हातारी?"

"काही नाही. वाचली ती."

थोरलीनं ते ऐकलं न ऐकलं केलं. पदर खोचला आणि निघाली.

दूधवाल्याला तिसऱ्यांदा दंड झाला होता. वीटवाल्याची गाडी तर पंधरा दिवस चौकीच्या आवारात. जीपवाला म्हणाला, "काकू, माणसं टपावर बसवली नाहीत तर मी काय हवा वाहू?" सगळे चिडलेले होते, पण पुढं कोण होणार, हा प्रश्न होता. थोरली झाली.

कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून एक अर्जवाला बसायचा. सगळे त्याच्याभोवती जमले.

"बोला, तक्रार काय?"

"हवालदार पैसे घेत नाही," दूधवाला म्हणाला.

अर्जवाल्यानं चष्मा काढला. "पुन्हा सांगा."

"घेत नाही. दंडच करतो. पावती देतो."

"अहो, सरकारला मी हे लिहून पाठवू? हवालदार पैसे घेत नाही, त्याला हलवा? तुम्हाला आत टाकतील, आणि मला तुमच्या आधी."

"मग काय लिहायचं?" वीटवाल्यानं विचारलं.

"हवालदार हलतो तो एकाच कारणानं. पैसे मागतो, एवढंच लिहा. तेवढंच खपतं."

वीटवाला पायानं माती उकरत राहिला. जीपवाला म्हणाला, "खोटं आहे ना पण."

"मग टपावर हवा वाहा," थोरली म्हणाली. "आण रे तो कागद."

पहिली सही तिची. मोठी, वाकडी, ओळीच्या बाहेर गेलेली, पण सही. बाकीच्यांनी खाली आपापली केली. तिच्याखाली सही करायला माणसाला धीर येतो.

महिन्याभरात मोठे साहेब चौकशीला आले. चौकीतल्या एकुलत्या पंख्याखाली साहेब, समोर थोरली, भिंतीला टेकून फूटपट्टी.

"आजी, हे पैसे घेतात?"

"घेतात."

"तुम्ही पाहिलंत?"

"माझ्या मांडीशेजारी घेतात, पाहीन नाही तर काय."

"कसे घेतात, सांगा."

आणि थोरलीनं सांगितलं. हात कसा पुढं येतो. पुस्तक कसं जातं. पुठ्ठ्याखाली चौघडीची नोट. अंगठा कसा आत सरतो, आवाज न होता. मूठ कशी मिटते. परत देताना पुस्तक कसं किंचित दाबतात, म्हणजे पोचलं. त्याच दमात गुडघ्याची चौकशी कशी करतात. एक शब्द तिला बनवावा लागला नाही. अकरा वर्षं डोळ्यांदेखत घडलेलं होतं, माणूस तेवढा बदलला.

साहेबांचं पेन चालत होतं. एवढं बारीक कुणी मनचं सांगत नाही, हे साहेबांना ठाऊक होतं. त्यांच्या अंगठ्यालाही ती वाट माहीत असावी.

फूटपट्टी फक्त एवढंच म्हणाला, "मी त्यांना गुडघ्याचं कधी विचारलं नाही." साहेबांनी ते लिहून घेतलं नाही.

त्याची नोकरी गेली. चौकीमागची खोली रिकामी करायचा हुकूम आला. फाट्यावर त्याच्या जागी पुठ्ठ्याखाली अंगठा सारणारा दुसरा आला. थोरलीचा मुलगा पुन्हा गाडीवर बसला, लिलाव वेळेवर मिळायला लागला, सुनेच्या डब्यांत पुन्हा काही दिसायला लागलं. जे हवं होतं ते झालं. थोरली टेम्पोत मान ताठ करून बसायची.

एक दिवस बाजारातून परतताना फाट्यावर तो उभा दिसला. वर्दी नव्हती, साधा सदरा. हात केला नव्हता, तरी मुलानं सवयीनं गाडी थांबवली.

"आजी, एक काम होतं," तो खिडकीशी येऊन म्हणाला. "साहेबांकडं चला म्हणत नाही. ते आता होऊन गेलं. पण माझी बायको रोज विचारते, पैसे कुठं ठेवलेत. तिचं आजारपण झालं, तेव्हा मी औषधं उधारीवर आणली. ती म्हणते, पैसे होते आणि मला दिले नाहीत, कुणाला दिले ते सांगा. तुम्ही एकदा तिला सांगता का, मी घेतले नाहीत म्हणून? फक्त तिला."

"आई, नको," मुलगा हळूच म्हणाला. "ही गोष्ट साहेबांपर्यंत गेली तर गाडी जाईल."

"बाईचं बाईशी बोलणं आहे. साहेब काय कान लावून बसलाय?" थोरली उतरली. तिनं साहेबाला फसवलं होतं, त्याचं तिला काही नव्हतं. पण एका बायकोच्या मनात आपल्या तोंडून भलतं गेलं, हे तिच्या पचनी पडेना.

चौकीमागं एकच खोली. फूटपट्टी बाहेर थांबला. आत बायको वळकटी बांधत होती. तरणी, गालफडं बसलेली, दोरीची गाठ दातानं ओढत होती. भांडी पोत्यात, स्टोव्ह वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

"पोरी, मी अर्जातली पहिली सही," थोरली उभ्यानंच म्हणाली. मऊ बोलायची तिला सवय नव्हती. "तुझ्या नवऱ्यानं एक पैसा घेतला नाही. मी दिलेली नोट त्यानं माझ्या पोराच्या मांडीवर ठेवली. मी खोटं बोलले. माझी गाडी बंद पडली होती म्हणून बोलले. तू त्याला दोष देऊ नकोस."

बायकोनं गाठ पक्की केली. मग थोरलीकडं पाहिलं, रागानं नाही, दुकानात माल पारखून घ्यावा तसं.

"साहेबांसमोर तुम्ही सगळं इतकं बारीक सांगितलंत. अंगठा, मूठ, सगळं. ह्यांनीच मला सांगितलं. ते खोटं होतं?"

"ते खरं होतं. माणूस दुसरा होता."

"आणि आज हे खरं."

"आज हे खरं."

बायकोनं पोत्याचं तोंड आवळलं, दाराकडं नजर टाकली, आवाज खाली आणला.

"मावशी, एकच सांगा. मला भांडायचं नाही, नुसतं कळू द्या." तिनं पदरानं हात पुसले. "इथं येऊन हे बोलायला त्यांनी तुम्हाला किती दिले?"