बारदान

“चौपन्न लिही,” प्रभाकरराव काट्यावर उभ्यानंच बायकोला म्हणाले.

काट्यावर सत्तावन्न दिसत होतं. सुलोचनाबाईंनी दुकानातल्या कॅलेंडरवर चौपन्न लिहिलं. तीन किलो बारदानाचे. नाचणगावात चाळीस वर्षं धान्याचा धंदा केलेला माणूस पोत्याचं वजन वजा केल्याशिवाय आकडा सांगत नसे; स्वतःचा तरी कसा सांगेल? आधी स्वेटर वजा झाला होता, मग धोतर, आता पोटातला चहासुद्धा.

लिव्हर खराब झालेलं, त्यातून फुप्फुसांच्या नसांमध्ये दाब वाढलेला. दारूच्या वाटेला कधी न गेलेल्या माणसाला हे दुखणं कसं जडलं, हे विचारून बाई थकल्या होत्या. सहा महिने खाटेवर काढल्यावर नव्या गोळीनं श्वास मोकळा झाला आणि ते अंगण ओलांडून पुन्हा दुकानात बसू लागले. डॉक्टरांनी बजावलं होतं, की या गोळीनं अंगात पाणी साठतं, लिव्हरलाही ती बाधू शकते. रोज वजन करा, दोन किलो वाढलं की लगेच या.

बाईंना दिसत होतं. चपलेचा पट्टा लागत नव्हता, पायावर बोट दाबलं की खड्डा राहत होता.

“डॉक्टरले फोन लावू का?” त्यांनी एकदा विचारलं.

“काऊन? गोळी बंद करतीन ते. मंग मी खाटेवरच पडून राहू का?”

बाईंना भीती वाटत होती, पण गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणारा नवऱ्याचा आवाज दुकानातून आला की बरंही वाटे. ते सांगतील तो आकडा त्या लिहीत राहिल्या.

डोळे पिवळे दिसले तेव्हा मुलानं, गजेंद्रनं, त्यांना वर्ध्याला नेलं. डॉक्टरांनी सोबत नेलेलं कॅलेंडर पाहिलं, पाय पाहिले, गोळी बंद केली. पंधरा दिवस आधी यायला हवं होतं, एवढंच म्हणाले. बाईंना वाटलं होतं रडू येईल, आलं नाही. येताना पुलगावात थांबून त्यांनी वांगी घेतली.

लघवीच्या गोळ्यांनी सूज उतरली. चप्पल पायात सहज जाऊ लागली, पण अंगणाच्या मध्यावरच धाप लागे. मग एका सकाळी गजेंद्रनं दुकानातून काटा आणि कॅलेंडर उचलून खाटेजवळ आणून ठेवलं.

“एकोणपन्नास,” बाईंनी वाचलं. हातात पेन धरून त्यांनी सवयीनं विचारलं, “बारदान किती धरू?”

“धरू नको. आहे तेवढं लिही.”

त्यांनी लिहिलं. प्रभाकररावांना उतरून खाटेवर बसायचं होतं, पण दम पुरेना. ते काट्यावरच खाली बसले, आणि बाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून तोच आकडा पाहत राहिल्या.