पांदीतलं अद्रक

सारजाबाईची ओटी कापसानं भरत आली होती, तेवढ्यात सडकेवर ट्रकचा हॉर्न वाजला. एकदा नाही, चांगला चार-पाचदा. तिनं कंबर सरळ करून बघितलं. देवगाव रंगारीच्या डांबरी सडकेवरून जिथं तिच्या वस्तीकडं आत वळायचं, तिथं एक थोरला बंद टपाचा ट्रक उभा होता. खाली उतरलेलं एक शहरी पोरगं मोबाईल कधी आडवा तर कधी उभा धरून बघत होतं, आणि त्याच्या मागं चार हमाल लिंबाच्या सावलीला बसून तंबाखू मळत होते.

पोरगं धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून, तिच्यापर्यंत आलं. नाव हिमांशू. शहागंजातल्या कुठल्याशा सामान हलवणाऱ्या कंपनीचं होतं. बद्रीनाथचं बिऱ्हाड भरून आजच्या आज संभाजीनगरला न्यायचं होतं, बद्रीनाथच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये. ट्रक आत कुठून घालायचा, असं त्यानं बिचाऱ्यानं सरळ विचारलं.

"तू आलास ना, तीच वाट," सारजाबाई म्हणली.

"मावशी, ही तर माणसाची पण धड वाट नाय. ट्रकची कुठंय?"

"व्हती बाबा. बद्रीनाथनं खाल्ली."

पोराला काही उमजलं नाही. त्याला कसं उमजावं? तो काल जन्मलेला, आणि हे दुखणं सात वर्षांचं.

सडकेपासून आत जाणारी सरकारी पांदी होती. अलीकडं सारजाबाईचं वावर, पलीकडं बद्रीनाथचं, आणि मधून ही पांदी, समोरासमोर दोन बैलगाड्या निघतील एवढी रुंद. बापजाद्यांनी मुरूम टाकून टाकून ती दगडासारखी केलेली. सहाशे पावलांवर सारजाबाईची वस्ती, तिथून पुढं दोनशे पावलांवर बद्रीनाथचं घर. पण बद्रीनाथच्या चुलतभावाच्या वावरातून दुसऱ्या अंगानं चांगला रस्ता होता, त्यामुळं त्याला पांदीची गरज नव्हती. दर साली नांगरताना तो पांदीतले दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, जास्तीच्या घ्यायचा. सारजाबाईच्या नवऱ्यानं, धोंडिबानं, दोनदा हटकलं. बद्रीनाथ दोन्ही वेळेला हसला, आणि नांगर काही थांबला नाही. पाच-सहा सालात मुरूम मातीत गेला, मातीवर ठिबकच्या नळ्या आल्या आणि नळ्यांवर अद्रक आलं. सारजाबाईच्या बाजूला एक माणूस चालंल एवढी पायवाट तेवढी उरली.

मग तो भादवा आला. धोंडिबाच्या छातीत कळ उठली. अँब्युलन्स सडकेला आली आणि तिथंच थांबली, कारण पुढं गुडघा गुडघा काळा चिखल. चौघांनी धोंडिबाला बाजेवर घातलं आणि निघाले. पायवाटेवर चौघं मावंनात म्हणून दोघं अद्रकाच्या बेडवर, उंच वाफ्यावर, चढले. तवा हा बद्रीनाथ धुऱ्यावर छत्री घेऊन उभा होता. तो काय म्हणला असंल? म्हणला, "बेड वाचवून चाला रे, आत्ताच मातीची भर लावलीय."

ते खाली उतरले. बेड वाचवून चालले. चिखलात दोनदा बाज कलली. अँब्युलन्सपाशी पोहोचले तवा डॉक्टरनं नुसती नाडी बघितली आणि मान हलवली.

सारजाबाई त्या दिवसापासून बद्रीनाथशी बोलली नव्हती. पांदी मोकळी करून मिळावी म्हणून तिनं तहसिलीत अर्ज टाकला, तर ह्या बेमुर्वत माणसानं तिथं लिहून दिलं, की अशी वाट तिथं कधीच नव्हती, बाई खोटं बोलते. तारखा चालू होत्या. ती प्रत्येक तारखेला जायची आणि रिकाम्या हातानं परत यायची. तिला पैसा नको होता की माफी नको होती. पांदी पाहिजे होती, आणि ती त्याच्याच तोंडून कबूल झालेली पाहिजे होती. घरात भाकरी थापताना सुद्धा तिच्या डोक्यात हेच चालायचं.

आज ट्रकचा हॉर्न ऐकून बद्रीनाथ तरातरा आला. अंगावर नवा पांढरा सदरा. चुलतभावानं औंदा वावर विकलं होतं, घेणाऱ्यानं चारी बाजूनं तार ओढून फाटकाला आठवड्यापूर्वी कुलूप घातलं होतं, त्यामुळं त्याचा तो रस्ता गेला होता. आणि आज त्याला थांबायची सोय नव्हती. पहाटे मुहूर्तावर त्याचा पोरगा विश्वजीत आणि सून सोनिया घरचे देव टोपलीत घेऊन मोटारसायकलवर पुढं निघून गेले होते. चूल विझवली होती. एकदा देव उंबऱ्याबाहेर पडले की त्या घरात पुन्हा चूल पेटवत नाहीत, तिथं रात्र काढत नाहीत. त्यात दुपारी दोनला अमावस्या लागत होती. त्याच्या आत सामान घराबाहेर पडलं पाहिजे, असं त्यानं स्वतःच भटजीला विचारून ठरवलं होतं.

सात वर्षांनी त्यानं तिला हाक मारली. "वहिनी, जरा एवढं ऐका. तुमच्या कपाशीच्या कडंनं ट्रक जाऊ द्या. जमीन कोरडी हाय. दोन ओळी मोडतील, त्यांची भरपाई मी देतो."

सारजाबाईनं एक बोंड वेचलं, ओटीत टाकलं. मग दुसरं वेचलं. बद्रीनाथ उभाच. शेवटी ती हिमांशूकडं बघून म्हणली, "त्यांला म्हणावं, पांदीनं न्या."

"कोणती पांदी?" बद्रीनाथचा आवाज चढला. "इथं पांदी बिंदी काय नाय. सात साल सांगून ऱ्हायलो."

आता हिमांशू मधी पडला. त्याच्या कंपनीचा एक नियम होता. गावाकडं जिथं दारापर्यंत गाडी जात नाही तिथं ते ट्रकच पाठवत नाहीत, कारण हमालांनी कपाटं अर्धा-अर्धा कोस डोक्यावर वाहायची काय? म्हणून गिऱ्हाइकाकडून आधीच कागदावर लिहून घेतात. त्यानं पिशवीतून कागद काढला.

"काका, तुम्ही तर लिहून दिलंय की रस्ता आहे."

बद्रीनाथनं हात पुढं केला, पण सारजाबाई मधी आली. "वाच बाबा," ती म्हणली. "मोठ्यानं वाच. मला डोळ्याला दिसत नाय."

दिसत तर तिला सगळं होतं. हमाल उठून जवळ आले. सारजाबाईच्या कांद्याच्या वावरात ट्रॅक्टर चालवत असलेला तिचा भाचा माऊली, तोही इंजिन बंद करून आला. हिमांशूनं वाचलं: "सडकेपासून माझ्या दारापर्यंत पूर्वापार सरकारी पांदी रस्ता आहे. रुंदी पंधरा फूट. कसलाही ट्रक आरामात येतो. ही माहिती खरी आहे. सही, बद्रीनाथ."

एका माणसानं दोन ठिकाणी दोन सह्या केल्या होत्या. तहसिलीत वाट नाही म्हणून, आणि शहागंजात वाट आहे म्हणून. ट्रक एकदा तोंडाशी आला की ही एकटी बाई किती वेळ अडवंल, असा त्याचा हिशेब. आजवर त्याचं सगळं असंच तर निभावलं होतं.

 सारजाबाईला हसायचं होतं, पण हसली नाही. तिनं कापसाची ओटी सोडून गाठोड्यात ओतली आणि धुऱ्यावर बसून घेतलं.

"काका, मग दाखवा रस्ता," हिमांशू म्हणाला. "नायतर मी ट्रक रिकामा परत नेतो. मलाही वर जवाब द्यायचाय."

तेवढ्यात विश्वजीतचा फोन आला. देव पोहोचले, सोनिया दूध उतू घालायला खोळंबलीय, सामान कुठवर आलं, असं तो विचारत होता.  बद्रीनाथनं फोन खिशात घातला, सारजाबाईकडं असं बघितलं की खाऊ का गिळू, आणि ड्रायव्हरला म्हणला, "घाला अद्रकातून. धुऱ्याला चिकटून घ्या."

अद्रकाचं वावर आदल्याच रात्री ठिबकवर भिजलेलं. ड्रायव्हर नको नको म्हणत होता. पण मालकच म्हणतो म्हटल्यावर त्यानं ट्रक आत घातला, आणि पन्नास पावलं जाईतो मागची चाकं काळ्या मातीत एक्सलपर्यंत बसली. जेवढी रेस दिली तेवढा ट्रक अजून खाली गेला. नळ्या चाकाला गुंडाळल्या. हमालांनी धक्का मारला, दगड लावले, गोणपाटं टाकली. चिखल उडून बद्रीनाथचा सदरा नवा होता का जुना हे ओळखू येईना.

दहा वाजून गेले. तेवढं थोरलं ट्रॅक्टर त्या शिवारात एकच होतं, माऊलीचं.

बद्रीनाथ माऊलीकडं गेला. माऊलीनं मावशीकडं बोट केलं. मग बद्रीनाथ सारजाबाईसमोर आला, आणि ह्या वेळेला आवाज खाली होता.

"वहिनी, ट्रॅक्टर लावा. मागं वढून द्या, एवढंच."

"मागं नाय," सारजाबाई म्हणली. सात सालात त्याला बोललेली ही तिची पहिली गोष्ट. "फुडं वढीन. पार तुझ्या दारापत्तर, पांदीनं."

"वहिनी, समदं अद्रक जाईल."

"पांदीतलं तेवढं जाईल. तुझ्या वावरातल्या अद्रकाला मी हात लावत नाय."

"आन् तो कागद?"

"त्याची एक कापी मला. वरून आजची तारीख घालून पुन्हा सही. हे सात जण बघतेत."

 बद्रीनाथचा मोबाईल पुन्हा वाजायला लागला, त्यानं उचलला नाही. त्यानं आभाळाकडं बघितलं, मग पांदीकडं, मग विझवलेल्या चुलीच्या घराकडं. त्याला सही करवत नव्हती आणि परतही फिरवत नव्हतं. सारजाबाई ते बघत होती आणि तिला तिळाएवढी सुद्धा दया आली नाही. उगं कशाला खोटं सांगा.

त्यानं ट्रकच्या बोनेटवर कागद ठेवून सही केली. हिमांशूच्या पिशवीत कोरा फॉर्म होताच, त्याच्यावर सगळं पुन्हा लिहून पुन्हा सही केली. हमालांपैकी दोघांनी साक्षीदार म्हणून अंगठे दिले. सारजाबाईनं कागद घडी घालून चोळीत ठेवला.

माऊलीनं साखळी लावली. पण नळ्या चाकात गुंतत होत्या, ट्रॅक्टर पुढं सरकंना. कुणीतरी पुढं चालून नळ्या आणि बेड मोकळे करायला पाहिजे होते. हमाल म्हणाले हे आमचं काम नाही. माऊली म्हणाला मी गाडीवर. राहिला बद्रीनाथ.

"उपट," सारजाबाई म्हणली.

आणि तो खाली वाकला. नळी वढायची, बाजूला फेकायची, अद्रकाची रोपं मुळासकट उपटायची, बाजूला फेकायची. मागं ट्रॅक्टर, त्याच्या मागं ट्रक. दहा पावलं झाली की तो कंबर धरून उभा राहायचा आणि सारजाबाई धुऱ्यावरून त्याच्या बरोबरीनं चालत असायची.  ओल्या अद्रकाचा वास सगळ्या शिवारात सुटला होता. एका ठिकाणी बेड वाचवावं म्हणून तो थोडा अलीकडून उपटायला लागला, तर ती तिथंच थांबली आणि तिनं नुसतं पायानं दाखवलं, पांदीची हद्द कुठवर होती ते. तो पुन्हा वाकला. वस्ती आली. तिथून पुढची दोनशे पावलंही त्यानं उपटली. बोटं सोलली होती, नखात माती भरली होती. दोनला थोडं कमी असताना ट्रक त्याच्या दाराशी लागला.

हमाल कामाला भारी. गाद्या, फ्रीज, दोन लोखंडी कपाटं, दिवाण, सोनियाच्या माहेरचं शोकेस, सगळं दोनच्या ठोक्याला अंगणात काढलं आणि मग ट्रकात चढवलं. घराला कुलूप लागलं. मग तोच ट्रक त्याच चाकोरीनं, माऊलीच्या साखळीला बांधलेला, परत निघाला. येताना चाकं खोल रुतली होती, जाताना तीच माती दबून घट्ट झाली.

वस्तीसमोर बद्रीनाथ केबिनमधून उतरला. तिनं त्याला थांबवलं नव्हतं. तो आपणहून उतरला.

"झालं ना समाधान, वहिनी? घर सोडून चाललो. आता पांदी तुमचीच."

"समाधान कशाचं?" सारजाबाई म्हणली. "तुझं कपाट गेलं, फ्रीज गेला, गाद्या गेल्या. समदं धड गेलं बघ. मपला माणूस तेवढा ह्या वाटेनं तू जाऊ दिला नाय."

 तो केबिनमध्ये चढून बसला, आणि ट्रक सडकेला लागेपर्यंत त्यानं मागं वळून बघितलं नाही. सारजाबाई वावरात गेली आणि दिवस बुडेपर्यंत कपाशीच्या राहिलेल्या ओळी वेचत राहिली. कडंची एकही ओळ मोडली नव्हती.

दोनच दिवसांनी तारीख होती. ती पहिल्या बसनं कन्नडला तहसिलीत गेली. साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. मग चष्म्यावरून विचारलं, "आणि जागेवर? जागेवर खरंच रस्ता आहे का, बाई?"

"हाय साहेब," सारजाबाई म्हणली. "परवाच त्याच्यावरून बद्रीनाथचं बिऱ्हाड गेलं. अद्रक त्यानं स्वतःच्या हातानं उपटलंय."