बाबांचं नाक

ताईला मुलगी झाली आणि आमच्या आईचा इन्स्पेक्टर झाला. ताई समोरच्याच इमारतीत राहते. तिच्या गॅलरीत वाळणारी दुपटी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात. पण साथ चालू होती आणि आईने जाहीर करून टाकलं होतं, आधी घरात सगळे ठणठणीत असल्याची खात्री, मग बाळ. "सगळ्यात आधी वास जातो," असं तिला तळमजल्यावरच्या नर्सबाईंनी सांगितलं होतं, आणि आईला कुणी एखादी गोष्ट सांगितली की दुसऱ्या दिवशी ती आईचीच असते.

मग रोज सकाळी मी आणि बाबा डोळे मिटून जेवणाच्या टेबलाशी बसायचो. आई एकेक वस्तू नाकाखाली धरायची. कॉफी, साबण, व्हिनेगर, चिरलेला कांदा. क्रम रोज वेगळा, कारण तिच्या मते आम्ही दोघं लबाड. "आणि तुझी परीक्षा कोण घेणार?" असं मी एकदा विचारलं. तिने असं काही बघितलं, की तो विषय मी तिथेच सोडला. एकदा झोपेच्या भरात मी साबणाला कॉफी म्हणाले, तर मला दिवसभर गुळण्या करायला लावल्या. बाबा मात्र कायम पहिले. वस्तू नाकाशी येते न येते तोच त्यांचं उत्तर तयार असायचं, आणि आई माझ्याकडे बघून म्हणायची, "बघ, याला म्हणतात नाक."

शेवटी रविवारी बाळाला बघायला जायचं ठरलं. बाबांनी शनिवारीच शर्टाला इस्त्री केली, नखं कापली, मिशी कातरली आणि संध्याकाळभर खिडकीत उभे राहून दुपटी बघत होते. त्याच गडबडीत माझ्या हातून कॉफीचा पत्र्याचा डबा पडला. झाकण चेपलं. आईने कॉफी प्लास्टिकच्या बरणीत काढली. यात काही विशेष आहे असं कुणालाच वाटलं नाही.

रविवारी आईने ती बरणी बाबांच्या नाकाखाली धरली.

"सांगा."

बाबांनी कान टवकारले.

"अहो, सांगा ना. ताई वाट बघतेय."

"साबण?" बाबांनी विचारलं. सांगितलं नाही, विचारलं.

आईने बरणी इतकी वर नेली, की त्यांच्या मिशीला कॉफी लागली. "आता?"

"मग व्हिनेगर," बाबा म्हणाले.

पुढचं सगळं भराभर झालं. बाबा झोपायच्या खोलीत, दार बंद, दाराखालून थर्मामीटर आत. आई गॅलरीत. खाली नर्सबाई वाळलेली पानं झाडत होत्या. "ह्यांचा वास गेला हो!" आई अशी ओरडली, की वरच्या मजल्यावरच्यांनी धडाधड खिडक्या लावून घेतल्या आणि पलीकडचा शिंपी कपडा मशीनवर तसाच सोडून बाहेर आला. नर्सबाईंनी झाडूला रेलून शांतपणे विचारलं, ताप? खोकला? काहीच नाही? मग स्वॅब देऊन या, आणि तोवर बाळाचं नाव काढू नका.

बाळाचं नाव काढू नका, हे ऐकलं मात्र, आतून बाबांचा आवाज आला.

"अगं, मला वास येतच नाही."

"तेच तर म्हणतेय मी!"

"तसं नाही. कधीपासूनच येत नाही. लग्नाच्या आधीपासून."

बाबांचा लाकडी सामानाला पॉलिश करायचा कारखाना होता. ऐन तरुणपणात बंद खोलीत, तोंडाला साधा रुमालही न बांधता त्यांनी इतकं स्पिरिट हुंगलं होतं, की नाकाने कधीच राजीनामा दिला होता. व्हिनेगर नाकात झोंबायचं, कांद्याने डोळ्यांत पाणी यायचं, कॉफीच्या डब्याचं झाकण टणकन वाजायचं. उरला तो साबण.

"बाळाला बघायचं म्हणून थापा मारताय!" आई म्हणाली.

"माझ्या भागीदाराला विचार."

आईने लगेच फोन लावला. भागीदारकाका पलीकडून खो खो हसले. "अहो वहिनी, आम्हा दोघांचीही नाकं कधीच कामातून गेली! कारखान्यात एकदा उंदीर मरून पडला होता, तर गिऱ्हाईकाने सांगितलं आम्हाला. तुम्हाला माहीत नव्हतं?"

आईने फोन ठेवला. मला हसू आवरत नव्हतं, पण तिचा चेहरा बघून ते आपोआप आवरलं.

"तीस वर्षं," ती बंद दाराला म्हणाली. "तीस वर्षं जेवायला बसताना म्हणताय, काय सुंदर वास सुटलाय."

"पहिल्या दिवशी तू विचारलंस, वास कसा येतोय. तू इतक्या हौसेने केलं होतंस," आतून आवाज आला. "मी म्हटलं, छान. मग परत कसं फिरायचं, तेच कळेना."

रिपोर्ट निगेटिव्ह आला. बाबा खोलीतून सुटले, पण आईचा अबोला काही सुटला नाही. सगळं बोलणं माझ्यामार्फत. "तुझ्या बाबांना सांग, जेवण तयार आहे. त्यांना वास आला नसेल." बाबा येऊन बसायचे आणि आधी पाणी प्यायचे. मला आईचा राग येत होता आणि ती बरोबर आहे असंही वाटत होतं.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं मास्क लावून, कोपरापर्यंत हात धुऊन ताईकडे गेलो. सगळ्या खिडक्या सताड उघड्या. ताईने बाळ बाबांच्या हातांत दिलं.

"बाबा, तिच्या टाळूचा वास घ्या ना," ताई नेहमीच्या उत्साहात म्हणाली, आणि लगेच तिने जीभ चावली. मी फोनवर तिला सगळं सांगितलं होतं.

बाबांनी बाळाकडे बघितलं. "मला येत नाही गं," ते म्हणाले. असं चारचौघांत त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं.

आई उठली. मास्क न काढता तिने वाकून बाळाच्या टाळूला नाक लावलं आणि बराच वेळ तशीच राहिली.

"कोमट दुधासारखा आहे," ती म्हणाली. आठवडाभरात बाबांशी बोललेलं पहिलं वाक्य. मग स्वतःवरच वैतागली. "पण दुधाचा वास तरी तुम्हाला काय कळणार, कपाळ!"

"राहू दे," बाबा म्हणाले.

"राहू दे काय? थांबा जरा." ती पुन्हा वाकली. "हे बघा. पॉलिशचा शेवटचा हात देऊन झाला, सगळं वाळलं, की तुम्ही लाकडावरून उलटं बोट फिरवता. कुठे काही लागत नाही आणि तुम्ही हसता. तसा आहे."

बाबांनी बोट वाकवून बाळाच्या टाळूवरून अगदी हळू फिरवलं. त्यांचा मास्क डोळ्यांखाली भिजला.

"हो," ते म्हणाले. "आला."