सतरा जणांना घेऊन आलेली फेरी

मित्रांनो, विद्यापीठाच्या मीरा रोडच्या आवारात, सायकलींच्या छपराजवळ एक पिवळी बस उभी आहे. ती मी. रंग उडालाय, दोन काचा गेल्यात, पण माझी कीव करू नका. सोळा वर्षे मी चार आवारांचे एक विद्यापीठ जोडून धरले, आणि हे काम माझ्यापेक्षा चांगले कोणी केले असते असे मला अजिबात वाटत नाही.

माझा सांगाडा कारखान्यातून आला. पत्रे, खिडक्या आणि बाकडी मात्र भाईंदरच्या गॅरेजात बसवली. तोवर विद्यापीठाची भाईंदर, मीरा रोड, काशिमिरा आणि उत्तन अशी चार आवारे झाली होती. सुरुवात झाली होती एका मिठागराच्या छपरात. पावसाळ्यात मिठाचे काम बंद असते, तेव्हा मनोरमाबाई नावाच्या शिक्षिका तिथे मजुरांच्या मुलांना शिकवत. मिठागरांचे बांध सगळे सारखेच दिसतात. पोरे वाट चुकत, म्हणून बाई स्वतः छत्री घेऊन बांधावर उभ्या राहत. पुढे बाईंचे हेच वागणे विद्यापीठाची रीत बनले: शिकायला आलेला चुकला, तर त्याला परत पाठवायचे नाही, पोहोचवायचे.

दुसरी रीत माझ्या पोटात पाळली जाई. आवारांमध्ये ये-जा करायला साहेबांना वेगळी गाडी नाही, सगळ्यांनी याच बसने जायचे. कुलगुरूंनाही मी दांडी धरून उभे राहिलेले पाहिले आहे, आणि खड्ड्यात आदळल्यावर त्यांचा चष्मा कसा उडतो तेही!

माझे ड्रायव्हर नाथाकाका. मनोरमाबाई शिकवत ते मिठागराचे छप्पर त्यांच्याच वडिलांचे. नव्या गारेगार बसगाड्या आल्या तशी पोरे मला 'डबा' म्हणू लागली. मी बदली गाडी झाले, आठवडा-आठवडा धूळ खात उभी राहू लागले. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू? पण नाथाकाका रोज सकाळी फडके मारायचे आणि माझा रुसवा जायचा.

गेल्या वर्षी बी.एड.च्या मुलाखतींच्या दिवशी नवी बस बिघडली आणि मला बोलावणे आले. सकाळी सव्वादहाला मी मीरा रोडला उभी असताना एक मुलगी रडवेली होऊन धावत आली. तिचे नाव समिधा. वडील लवू मूळचे रत्नागिरीकडचे, नया नगरात हार्डवेअरच्या दुकानात कामाला. मुलाखतीच्या पत्रात 'सभागृह क्रमांक चार, सकाळी अकरा' एवढेच होते. घराजवळच्या मीरा रोडच्या सभागृहात ती साडेनऊपासून बसून राहिली, आणि मुलाखती भाईंदरला आहेत हे तिला दहा वाजल्यावर चौकशी केली तेव्हा कळले. चारही आवारांत सभागृह क्रमांक चार आहे, हे तिला कोण सांगणार? गैरहजेरी लागली की अख्खे वर्ष जाणार होते.

"काका, ही बस भाईंदरला जातेय ना?"

"ओळखपत्र दाखवा. त्याशिवाय बसता येत नाही," यादी घेऊन बसलेला कारकून निकेत म्हणाला.

"अरं, कार्ड भेटावं म्हनून तर ती चाललीय," नाथाकाका म्हणाले. "आधीच कुठून आनील? चढ गं पोरी."

पण मला आधी काशिमिऱ्याला वळसा होता. तेवढ्यात अकरा वाजून गेले असते. तेव्हा काशिमिऱ्याला शिकवणाऱ्या शालन मॅडम पुस्तकांची पिशवी घेऊन उठल्या. "काशिमिऱ्याचे सगळे उतरा. आपण शेअर रिक्षाने जाऊ."

"मॅडम, माझं प्रॅक्टिकल आहे यार..." त्यांचा विद्यार्थी हितेश कुरकुरला.

"माझंपण लेक्चर आहे. चल, रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी बस."

नऊजण खाली उतरले. माझे डोळे भरून आले असते, पण मला दिवेच आहेत.

मग मी जिवाच्या आकांताने धावले. दुसरा गिअर अडून बसला, उड्डाणपुलाखाली गर्दी लागली, आणि भाईंदरच्या फाटकात शिरले तेव्हा अकरा वाजून बारा मिनिटे झाली होती. सभागृहाचे दार बंद. रखवालदार म्हणाला, "हजेरीच्या यादीवर सही झाली. आता कोणाला आत सोडता येत नाही." समिधा पायरीवरच मटकन बसली.

नाथाकाकांनी माझा भोंगा दाबला तो सोडलाच नाही. प्रवेश विभागाचे प्रमुख ईश्वरराव तणतणत बाहेर आले. "नाथा, वेड लागलंय का? आत मुलाखती चालल्यात!"

"सायेब, हे पत्र वाचा. हिला कुठं बोलवलंय, तेवढं दाखवा. मी न्हाय बोलत मग."

ईश्वररावांनी पत्र वाचले. उलटून मागची बाजूही पाहिली. खाली त्यांचीच सही होती. "सगळ्यांना असंच गेलंय," ते हळूच म्हणाले. "ज्यांनी इथे येऊन अर्ज भरला ते बरोबर आले. बाकीचे कुठे बसलेत कोण जाणे. चूक माझी आहे. मुली, तू आत ये. नाथा, प्रत्येक आवारात जा आणि त्यांना घेऊन ये."

समिधा उठली, पण दाराकडे गेली नाही. "सर, मी काकांसोबत जाते. तिथली मुलं ड्रायव्हरचं ऐकून उठणार नाहीत. माझ्याकडे तसंच पत्र आहे, ते दाखवलं तर येतील."

"आणि तुझी मुलाखत?"

"शेवटी घ्या."

मीरा रोड, काशिमिरा, उत्तन. प्रत्येक सभागृह क्रमांक चारमध्ये कोणी ना कोणी नीटनेटके कपडे घालून, फाइल मांडीवर ठेवून, इमानाने वाट पाहत बसले होते. मीरा रोडलाही समिधा निघाल्यावर काही जण आले होते. असे सतरा जण सापडले. ईश्वररावांनी फाटकात उभे राहून प्रत्येकाची माफी मागितली. संध्याकाळी सहाला समिधा आत गेली. आठ दिवसांनी लागलेल्या यादीत तिचे नाव होते.

ती माझी शेवटची फेरी. नंतर इंजिन काढले. त्याचे दुःख नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या गाड्यांना तेलपाणी करा, आमच्या बाकड्यांच्या गाद्या फाडू नका, आमच्या अंगावर नावे कोरू नका. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. हातात कागद धरून कोणी भांबावलेले दिसले, तर बोट दाखवून मोकळे होऊ नका. चार पावले सोबत जा. मला आता चालता येत नाही, तुम्हाला येते.