बर्फात वाजलेला मेश्का

या मित्रांनो, असे जवळ बसा. मी एक डबल बास आहे. तुम्ही व्हायोलिन पाहिले असेल. ते हनुवटीखाली मावते. मी त्याच घराण्यातला, पण उभ्या माणसाहून उंच. मला वाजवणारा मला मिठी मारूनच वाजवतो. लिथुआनियातल्या आमच्या कौनास शहरात मला सगळे 'मेश्का' म्हणतात. मेश्का म्हणजे अस्वल. माझा आवाज आणि माझे पोट पाहून कुणीतरी ते नाव ठेवले. मला त्याचा कधी राग आला नाही. अस्वलाला रानात मान असतो.

काझिस नोरव्हिला नावाच्या कारागिराने मला घडवले. माझे पोट स्प्रूसच्या लाकडाचे आणि पाठ मेपलची. माझ्या पाठीवर वाघाच्या अंगावर असतात तसे पट्टे आहेत. नोरव्हिला मला टकटक करून ऐकत असे आणि स्वतःशीच मान हलवत असे. पुढे मी नाटकगृहाच्या वाद्यवृंदात गेलो. तिथे माझी जागा सगळ्यांच्या मागे, पडद्याच्या दोऱ्यांजवळ होती. समोर व्हायोलिने नाचत, बासऱ्या लाडीगोडी करत आणि मी मागून 'हूं, हूं' म्हणत त्यांना दुजोरा देई. लोक टाळ्या वाजवत, पण माझ्याकडे कुणी पाहत नसे. मला वाटे, आपला जन्म असाच हुंकार भरण्यात जायचा.

मग बेनास आला. हा तरुण वादक दिवसा वृंदात गज फिरवी, पण त्याचे कान वेगळ्याच संगीताकडे लागलेले असत. रेडिओच्या खरखरीतून समुद्रापलीकडचे जॅझ तो ऐके. एक दिवस सराव संपल्यावर त्याने गज बाजूला ठेवला आणि नुसत्या बोटांनी माझी तार छेडली. मित्रांनो, तोवर मी फक्त बोललो होतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा चाललो! एकापुढे एक सूर, जणू कुणी खिशात हात घालून आरामात रस्त्याने निघाले आहे. जॅझमध्ये कागदावरचे सूर संपले की खरी गंमत सुरू होते. पुढचे पाऊल कुठे टाकायचे, ते वाजवणाऱ्याने त्याच क्षणी ठरवायचे.

बेनासची बायको दांगुओले पियानो वाजवी आणि गाई. त्याचा मित्र ल्युदास ढोल-झांजांवर बसे. हा ल्युदास बडबड्या. आम्ही लिंडेनच्या झाडांखालच्या एका कॅफेत वाजवू लागलो. माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षी आम्ही चंद्रासाठी एक धून बांधली. ती वाजवण्यापूर्वी ल्युदास लोकांना म्हणाला, "बघा, चंद्रावर जायला मिळतं माणसाला! आम्हाला शेजारच्या गावी वाजवायला जायचं तर सात शिक्के लागतात." लोक हसले, पण हसता हसता त्यांनी दाराकडे बघूनही घेतले. कारण आमच्या देशावर तेव्हा मॉस्कोचे राज्य होते आणि जॅझ म्हणजे शत्रूचे संगीत, असे वरच्यांचे मत होते.

बहात्तर सालच्या वसंतात कौनासची तरुण मुले स्वातंत्र्य मागत रस्त्यावर उतरली. पुष्कळांना पकडून नेले. त्यानंतर सगळीकडे करडी नजर फिरू लागली आणि आमच्या कॅफेतही एक अधिकारी आला. त्याने टोपीसुद्धा काढली नाही.

"हे काय वाजवताय?" त्याने विचारले.

"पोल्का आहे साहेब, नाचाची साधी धून," बेनास म्हणाला.

"पोल्का? मग ती मध्येच वाट सोडून कुठे जाते?"

"मजेत आहे ना, म्हणून जरा भटकते."

सगळे कॅफे हसले. अधिकारी मात्र हसला नाही. "तुमची भटकी पोल्का यापुढे घरातच ठेवा," एवढेच तो म्हणाला. पुढच्याच आठवड्यात आमचे वाजवणे बंद झाले. बेनासची वृंदातली जागाही गेली. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायला जाऊ लागला.

त्यानंतरची वर्षे मी दाराजवळच्या कोपऱ्यात काढली. घरचे लोक येता-जाता माझ्या खुंट्यांवर हातमोजे आणि कानटोप्या अडकवत. मांजर माझ्या पाठीला अंग घाशी. माझी एक तार तुटली, ती कुणी बदलली नाही. मी खोटे सांगणार नाही मित्रांनो, मला फार वाईट वाटे. पण बेनास रविवारी मऊ फडक्याने मला पुसून काढी. तेव्हा त्याच्या डाव्या हाताची बोटे नकळत माझ्या गळ्यावर सूर शोधत असत. त्यावरून मी ओळखले की आम्ही दोघेही फक्त गप्प बसलो आहोत. विसरलेलो नाही.

मग काळाने कूस बदलली. मॉस्कोतले वारे फिरले. बेनासने नवी तार आणली, ल्युदासने अंगणातल्या खोलीतून आपले ढोल काढले आणि आम्ही पुन्हा वाजवू लागलो. बर्लिनची भिंत पडली, तेव्हा तर ल्युदासने इतक्या जोरात झांज मारली की ती स्टँडवरून निसटली. पुढच्या वसंतात लिथुआनियाने जाहीर केले, 'आम्ही स्वतंत्र आहोत.' पण असे जाहीर केल्याने राजे उठून जात नाहीत. एक्क्याण्णव सालच्या जानेवारीत राजधानी व्हिल्नियसमध्ये मॉस्कोचे रणगाडे आले. दूरदर्शनच्या मनोऱ्यापाशी नि:शस्त्र माणसे मारली गेली. आता संसदेवर चाल होणार, अशी बातमी होती. गावोगावची माणसे बस भरभरून संसदेभोवती उभी राहायला निघाली.

बेनासने मला कोपऱ्यातून उचलले. दांगुओले दारात आडवी आली.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? या थंडीत याचं लाकूड तडकेल! मी खिडकी जरा उघडली तरी तूच ओरडतोस."

"माणसं तिथे रणगाड्यांपुढे उभी आहेत, दांगुओले. आणि मी लाकूड जपत बसू?"

"रणगाड्यांपुढे वाजवणार काय? पोल्का?"

"वाजवीन. भटकी."

मग आत जाऊन तिने तिच्या आईची लोकरी रजई आणली आणि मला गळ्यापर्यंत गुंडाळले. "चल. माझ्याशिवाय तुला सूर सापडत नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ल्युदास ओरडला, "सरका हो, सरका! अस्वलाला आधी बसू द्या, म्हाताऱ्याचे पाय दुखतात!" त्या भेदरलेल्या बसमध्ये तेवढाच हशा पिकला.

संसदेभोवती काँक्रीटचे ठोकळे रचलेले होते. जागोजागी शेकोट्या पेटल्या होत्या. बायका पातेल्यांतून गरम सूप वाटत होत्या, काळ्या पावावर खारवलेल्या चरबीचे काप ठेवून देत होत्या. दुपार कलत होती. कुणीतरी धावत आले आणि म्हणाले, "रणगाडे निघालेत." खरे की खोटे, कुणाला ठाऊक नव्हते. हजारो माणसे एकदम गप्प झाली. तशी शांतता मी आयुष्यात पुन्हा ऐकली नाही.

एका ट्रम्पेटवाल्याने वाद्य ओठांना लावले, पण त्याच्या कळा गोठल्या होत्या. पियानो तर तिथे नव्हताच. बेनासने बर्फावर एक फळी टाकली, माझी रजई सोडली आणि मला उभे केले. मित्रांनो, जन्मभर सगळ्यांच्या मागे उभा राहिलेला मी, त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे एकटा उभा होतो!

बेनासने हातमोज्यांची बोटे कापली होती. त्याने पहिला सूर छेडला. मग दुसरा. मी चालू लागलो. घाईने नाही, घाबरून नाही. घरचा माणूस घराच्या रस्त्याने चालतो, तसा. ल्युदासने पालथ्या बादलीवर ठेका धरला. दांगुओलेने खेड्यातले जुने पेरणीचे गाणे उचलले आणि ते माझ्या चालीवर झुलवत नेले. जवळची माणसे पाय आपटू लागली. मग त्यांच्या मागची, मग त्यांच्याही मागची.

डोक्याला शाल बांधलेल्या एका आजीबाईंनी ल्युदासला विचारले, "काय रे, यालाच जॅझ म्हणतात का?"

"हो, आजी."

"मग थांबू नका. पाय गरम होतायत!"

तेवढ्यात ते झाले. माझे पोट वरपासून खालपर्यंत तडकले. आवाज एवढा मोठा झाला की शेकोटीजवळची माणसे दचकून वळली. बेनासचा हात थांबला. त्याने दांगुओलेकडे पाहिले. घरी दारात आडवी आलेली तीच दांगुओले गाणे न सोडता त्याच्याजवळ आली आणि तिने मानेने खुणावले, वाजव. तो वाजवू लागला. माझा आवाज घोगरा झाला होता, पण पाऊल चुकले नाही.

त्या दिवशी रणगाडे आले नाहीत. ते माझ्यामुळे आले नाहीत, असे म्हणण्याइतका मी खुळा नाही. ते तिथे उभ्या असलेल्या माणसांमुळे आले नाहीत. पण ती माणसे उभी होती तेव्हा त्यांच्या पायांखालचा ठेका माझा होता. एवढा अभिमान मला बाळगू द्या. वाजवणे थांबले तेव्हा त्या आजीबाईंनी डोक्यावरची शाल सोडून माझ्या पोटाला बांधली. "त्यालाही लागलंय ना," त्या म्हणाल्या.

नोरव्हिलाच्या मुलीने मला दुरुस्त केले. देश खरोखर स्वतंत्र झाला. दूरदूरचे वादक कौनासच्या महोत्सवात येऊ लागले. एकाने तर नवाकोरा बास देऊ केला. बेनास म्हणाला, "तुझा चांगला आहे, पण तो त्या दिवशी बर्फात माझ्याबरोबर कुठे आला होता?" शतक संपता संपता बेनास गेला. त्याच्या शेवटच्या कार्यक्रमातही मीच त्याच्या मिठीत होतो.

मग संग्रहालयाचे लोक आले. काचेचे कपाट, मखमल, वर दिवा, खाली नावाची पाटी. खरे सांगू? मला मोह झाला होता. पण दांगुओले म्हणाली, "अहो, तो अजून निवृत्त झालेला नाही," आणि तिने मला संगीतशाळेत पाठवले. आता तिथली मुले-मुली मला वाजवतात. कुणी गळा आवळते, कुणी सूर चुकवते. एक मुलगी म्हणते, याचा एक सूर घोगरा लागतो. लागू दे. ती बरोबर ऐकते आहे.

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जुने वाद्य असेल तर त्यावर टोप्या अडकवू नका. त्याला ओल लागू देऊ नका, थंडीवाऱ्यात नेऊ नका, आणि जपायचे म्हणून बंदही करून ठेवू नका. रोज थोडे वाजवा. पण कधी अशी वेळ आली की तुमची माणसे बाहेर बर्फात उभी आहेत, तर आमच्या लाकडाचा विचार करत बसू नका. आम्हाला उचला आणि चला.