मोकळी केलेली वाट

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. हिंगोलीच्या एका पेटीवाल्याने मला ठोकून आकार दिला आणि झाकणावर दोन मोर काढले. ते मोर आहेत, असे तोच म्हणे. पाहणाऱ्यांचे मत बदकांकडे झुकते. जमनाबाईंच्या लग्नात मी साखरा गावी, त्यांच्या सासरी आले.

मित्रांनो, चाळीस वर्षे मी लुगडी सांभाळली. मग काचबिंदूने जमनाबाईंची नजर गेली आणि मला बढती मिळाली. बाजेपासून चार पावले, माझ्या कडेला हात, तिथून डावीकडे वळले की स्वयंपाकघर. रोज सकाळी त्या अशाच जात आणि आपला चहा आपण करीत. त्यासाठी कुणाला हाक मारावी लागत नाही, एवढाच त्यांचा तोरा होता.

यंदा सुनेने, रीताने, दसरा काढला, म्हणजे सणाआधीची घरझाडणी. घरातला चमचासुद्धा अंगणात येऊन धुतला गेला. मला हिरवा रंग मिळाला, शेजारणींनी कौतुकही केले. आत नेताना मुलगा जळबा म्हणाला की ही पेटी मायच्या पायात येते. दोघांनी मोठ्या मायेने मला पलीकडच्या भिंतीला लावले. वाट मोकळी झाली. जिच्यासाठी झाली तिला सांगायचे तेवढे राहिले.

सकाळी जमनाबाईंनी चार पावले टाकली. हात पुढे केला. मी तिथे नव्हते. त्या तशाच पुढे गेल्या आणि उंबऱ्याला अडखळून पडल्या. मनगट सुजले. पट्टी बांधून आणल्यावर जळबाने जाहीर केले की मायने यापुढे बाजेवरून उठायचे नाही, चहा जागेवर मिळेल.

जमनाबाईंनी पट्टीचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "मला दिसत न्हाई, हे बराबर हाय लेकरा. पण तुमाला दिसतं ना? मग पेटी काहून हलवली?"

"तुला वाट व्हावी म्हणून, माय."

"तीच तर माही वाट व्हती."

रीताने पदर खोचला, मला ओढत आणले आणि सासूचा न दुखावलेला हात धरून माझ्या कडेला टेकवला. "पाहा बरं आत्याबाई, हितंच व्हती ना?" जमनाबाईंनी चाचपून मला आणखी चार बोटे सरकवायला लावले.

पट्टी सुटली त्या सकाळी त्या उठल्या. चार पावले, माझी कड, डावीकडे. थोड्या वेळाने चहाचा वास आला. जळबाने कप घेतला आणि, नवल म्हणजे, एकही सूचना केली नाही.

मित्रांनो, घरात कुणाला दिसत नसेल तर वस्तू हलवण्याआधी त्यांना विचारा. हलवावीच लागली तर त्यांचा हात धरून नव्या जागी ठेवा. आम्हा वस्तूंना फारसे काही येत नाही. एका जागी बसून राहणे मात्र उत्तम जमते. तेवढे आम्हाला करू द्या.