कापलेली चिंधी

त्या दिवशी मी पत्र्याचे भाव विचारायला बाजारात गेलो होतो. दुकानात उभा असताना पेंटरचा फोन आला. पेंटर म्हणजे आमच्या वर्कशॉपच्या शेजारी गाड्यांचे नंबर रंगवणारा. वीस वर्षांत त्याने मला फोन केला नव्हता, कारण हाक मारली की ऐकू जायचं.

"मिस्त्री, हातातलं टाकून या," तो म्हणाला. "तुमचा ट्रेलर उतारावरून घसरला."

"कोणाला लागलं?"

तो म्हणाला, "वहिनी आत होत्या."

मी पोचलो तेव्हा ट्रेलर रस्त्यापलीकडच्या दगडी भिंतीत घुसलेला होता आणि माझी बायको गेलेली होती. तिच्या हातात मापाची टेप होती. ती सोडवायला दोघे लागले.

हा ट्रेलर म्हणजे लष्कराच्या भंगारातून घेतलेला जुना ट्रक. इंजिन मेलेलं होतं, पण चासी ठणठणीत. बायकोने पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली, "तुमच्यासारखाच आहे. पुढून संपलाय, मागून मजबूत." आम्ही पुढचा भाग कापून काढायचा, ओढायचा दांडा जोडायचा, मागे झोपायची खोली करायची आणि जीपला लावून मिळेल तिकडे जायचं, असं ठरलं होतं. तिने जन्मभर लोकांच्या गाड्यांच्या सीटा शिवल्या. स्वतःच्या गाडीसाठी तिने पहिल्यांदा कापड आणलं.

ब्रेकचं काम तिच्या धाकट्या भावाकडे होतं. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. गाडी सुरू करायला लावतो, डोळे मिटतो आणि आवाजावरून रोग सांगतो. निम्म्या वेळा बरोबर निघतो.

आमच्याकडे एक नियम होता, आणि तो बायकोनेच घातलेला. ब्रेक वजन टाकून तपासल्याशिवाय गाडीच्या हुकाला लाल चिंधी बांधलेली असायची. चिंधी आहे तोवर गाडीत कोणी चढायचं नाही, चाकांखालचे लाकडी ठोकळे काढायचे नाहीत. ब्रेक तपासेल त्यानेच ती सोडायची.

चौकीत डॉक्टरने जबाब दिला. डोळे पुसत दिला. "ताईनेच चिंधी सोडली. पडद्यांची मापं घ्यायची तिला घाई होती. ठोकळेही तिनेच सरकवले असतील." साहेबांनी लिहून घेतलं, अपघात म्हणून फाईल बंद केली.

आणि मी ते खरं मानलं. तीन आठवडे मी मेलेल्या बायकोवर चिडून होतो. तिच्या फोटोकडे बघून म्हणायचो, स्वतःचा नियम स्वतःच मोडलास, एवढं काय अडलं होतं?

मग एके दिवशी मला दहा नंबरचा पाना हवा होता. माझा सापडेना म्हणून डॉक्टरची पेटी उघडली. तळाशी लाल चिंधी होती, काळ्या ग्रीसने माखलेली. हात पुसलेले होते तिला. तिची गाठ तशीच होती. बायकोची दुहेरी गाठ. चिंधी सोडलेली नव्हती, बाजूला ब्लेडने कापलेली होती.

गाठ सोडायचा कंटाळा फक्त एकाच माणसाला आहे. लहानपणी बुटाच्या नाड्या कापायचा म्हणून ताईचा मार खायचा, हे त्याने स्वतःच मला शंभर वेळा हसत सांगितलं होतं.

पेंटरला खोदून विचारलं. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी विटांचा टेम्पो उतारावर बंद पडला होता. ठोकळे त्याच्या चाकाखाली दिसले मला. पण मिस्त्री, मला दोघांच्याही शेजारी बसून रंग लावायचाय."

म्हणजे डॉक्टरने ठोकळे टेम्पोला नेले, ट्रेलर हँडब्रेकवर उभा केला. क्लिप न मिळाल्याने हँडब्रेकची डावी केबल जोडायची राहिली होती; ती ट्रेलरखाली अजून लोंबत होती. हात पुसायला काही दिसेना म्हणून चिंधी कापली. बायको आली, चिंधी दिसली नाही, तिने नियमावर भरवसा ठेवला आणि आत चढली.

मी डॉक्टरला एका शब्दाने बोललो नाही. चिंधी पुन्हा पेटीत ठेवली आणि ट्रेलर भिंतीतून ओढून वर्कशॉपपुढच्या त्याच उतारावर आणला.

सात महिने लागले. वाकलेली चासी सरळ केली. ब्रेकचे ड्रम घासून घेतले, नवे लायनर बसवले. दोन्ही बाजूंच्या केबली नव्या टाकल्या. वर आणखी एक सोय केली. ट्रेलर जीपपासून सुटला तर एक तार ताणली जाऊन ब्रेक आपोआप लागतो. वाळूची पोती भरून पाच वेळा उतारावर तपासला. एक बोटभरही हलला नाही.

डॉक्टर रोज चहाला यायचा. "दाजी, विकून टाका हे. कशाला जीव जाळता?"

"तिचं काम अर्धं आहे," मी म्हणायचो.

"ब्रेक मी बघू का?"

"नको. तुझा हात लागला की रोगी बरा होतो."

तो हसायचा. त्याला वाटायचं मी सावरलो.

शेवटी तीन दिवस मी डावी केबल काढून हातात घेऊन बसलो. त्याला आत घालायचं, ठोकळे काढायचे, समोर तीच भिंत. मला ते नीट जमलं असतं. पण मग साहेबांनी पुन्हा अपघात असंच लिहिलं असतं. मला अपघात नको होता. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मी केबल जोडली, पुन्हा वाळू भरून तपासला आणि मग त्याला बोलावलं.

"पलंगाची फळी कुरकुरतेय. जरा झोपून बघ. माझी पाठ धरलीय."

तो आत गेला. मी बाहेरून कडी घातली.

"दाजी, कडी का लावली?"

"आडवा हो. ती मापं घेत होती तिथेच आहेस."

तिच्या कापडातून मी दोन खिडक्यांचे पडदे शिवले होते, तिसऱ्या खिडकीला पडदा नव्हता. तिथे त्याचं तोंड आलं. त्याच्या पेटीतून काढून खिशात ठेवलेली चिंधी मी काचेला लावली. गाठ त्याच्या नाकासमोर धरली.

"डावी केबल जोडलेली नाही," मी खोटं सांगितलं. "क्लिप मिळाली नाही. तुलाही मिळाली नव्हती ना?"

"दाजी, वेड लागलं का तुम्हाला? खाली उतार आहे!"

"आहे. तेव्हाही होता."

मी हातोडीने उजवीकडचा ठोकळा ठोकून काढला. ब्रश हातात धरून पेंटर शेजारून धावत आला आणि चार पावलांवर थांबला.

"पेंटर, अरे सांग ना यांना! बघतोस काय नुसता?"

"कोणी सोडली चिंधी?" मी विचारलं.

"ताईने..."

मी डाव्या ठोकळ्यावर हातोडी घातली. ठोकळा निम्मा बाहेर आला. आतून दारावर लाथा बसायला लागल्या.

"मी! मी कापली! हात पुसायला कापली, दाजी! ठोकळे टेम्पोला मी नेले! ताईला माहीतच नव्हतं! काढू नका, पाया पडतो!"

मी काढला.

ट्रेलर हलला नाही. एक बोटभरही नाही. आत तो लहान मुलासारखा रडायला लागला. मी थांबून ते सगळं ऐकलं. मला बरं वाटलं. कमी-जास्त करून सांगत नाही, सात महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

कडी काढली तेव्हा त्याची पँट ओली होती. "उद्या चौकीत येतो," तो म्हणाला. "जबाब बदलतो. ताईची शपथ."

तो गेल्यावर मी पेंटरला म्हणालो, "तू ऐकलंस. साक्ष देशील?"

त्याने ब्रशवरचा वाळलेला रंग नखाने खरवडला. "वहिनींसाठी देईन. पण साहेब मला विचारतील, तो हे कुठे बसून बोलला. मी खोटं सांगणार नाही. कडी घालून, हातोडी दाखवून घेतलेली कबुली कोण धरणार, मिस्त्री? चिंधी दाखवून चार माणसांत विचारलं असतंत तर?"

मी ठोकळे पुन्हा चाकांखाली सरकवले.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याची पेटी बायकोच्या शिवणयंत्राशेजारी पडून आहे, फोन बंद आहे. मी दोनदा चौकीत गेलो. साहेब म्हणाले, ज्याचा जबाब त्यानेच बदलायला हवा.

ट्रेलर तयार आहे. ब्रेक पक्के आहेत. तिसऱ्या खिडकीचा पडदा मी कापून ठेवलेला आहे, शिवायचा राहिला आहे. आणि चौकीतल्या कागदावर अजून लिहिलेलं आहे की चिंधी तिने सोडली.